जुन्या बुलेटचे तेल : बूच उघडण्याआधी

सोलापुरातील एका घराच्या पडवीत १९७८ सालची बुलेट दोन वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीला पुण्याहून घरी आलेल्या मुलाने मनावर घेतले की यंदा पाडव्याला बाबांना तिच्यावर बसवून सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्यायचेच. त्याने तेलाच्या टोपीची कांडी बाहेर काढून पाहिली, तर ती कोरडी ठणठणीत. "बाबा, तेल सगळं संपलंय!" असे ओरडून, उत्तराची वाट न पाहता त्याने दीड लिटर नवे तेल आत ओतले. आठ-दहा किका मारल्यावर गाडी सुरू झाली. पण मिनिटभरात ब्रीदरच्या नळीतून तेलाच्या पिचकाऱ्या उडू लागल्या, सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि आईने नुकतीच काढलेली रांगोळी काळी झाली.

"अहो, आधी बाहेर या! तुमच्या लेकानं अंगणात तळण मांडलंय!" आईने हाक मारली. वडील ओल्या केसांनीच धावत आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती गाडी बंद करण्याची.

मुलाचे चुकले कुठे? तेल संपलेले नव्हतेच. ते फक्त जागा बदलून बसले होते.

जुन्या बुलेटची रचना आजच्या गाड्यांपेक्षा वेगळी आहे. इंग्लंडमधील रेडिच येथे जन्मलेली ही गाडी १९५५ साली मद्रास मोटर्सच्या साहाय्याने 'एनफिल्ड इंडिया' या नावाने आपल्याकडे आली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये बनू लागली. १९७० पर्यंत इंग्लंडमधले उत्पादन थांबले, तरी इथे मात्र बिडाच्या सिलिंडरचे तेच इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिले. त्यामुळे १९७८ ची गाडी असली तरी तिच्या पोटातील व्यवस्था तिच्या आजीच्या काळची आहे.

या इंजिनात तेलाची टाकी वेगळी टांगलेली नसते. इंजिनाच्या चेंबरमध्येच सिलिंडरच्या मागे एक कप्पा असतो, तीच टाकी. त्यात सुमारे सव्वादोन लिटर तेल मावते. क्रँक फिरते तो कप्पा निराळा आणि तो जवळजवळ कोरडा राहणे अपेक्षित असते. एकाच दांड्यावर चालणारे दोन पंप हे काम सांभाळतात. एक पंप टाकीतले तेल फिल्टरमधून गाळून क्रँककडे पाठवतो. दुसरा पंप खाली जमलेले तेल ओढून परत नेतो आणि त्यातला काही भाग वर रॉकरकडे पोहोचवतो. परत नेणारा पंप मुद्दामच मोठा ठेवलेला असतो, म्हणजे खाली तेल साचत नाही.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की पहिल्या पंपाच्या घासलेल्या फटीतून तेल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात झिरपते. मग टाकीतली कांडी कोरडी दिसते. अशा वेळी वरून तेल ओतले, तर इंजिन सुरू होताच आतले जादा तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येणारच. म्हणून नियम असा, की कांडी पाहायची ती इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असताना. वर्षभर किंवा अधिक उभ्या असलेल्या गाडीचे मात्र सुरू करण्याआधीच खालचे सगळे बूच उघडून तेल काढून टाकावे. दोन वर्षांचे शिळे तेल इंजिनात फिरवण्यात काही अर्थ नसतो.

नेहमी वापरात असलेल्या गाडीचे तेल काढताना इंजिन आधी गरम करून घ्यावे. गरम तेल पातळ होते आणि तळाची घाण घेऊन वाहते. परात मोठी ठेवावी आणि घाई करू नये. निघालेले तेल पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहणे हे मिस्त्रीचे जुने निदान. बारीक चमचमणारी पूड थोडीशी असणे स्वाभाविक, पण नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर गाडी न चालवता थेट मिस्त्रीला गाठावे. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी किंवा दमटपणा शिरला आहे असे समजावे.

तेल बदलताना फिल्टरही काढावा. तो टायमिंग कव्हरच्या आत स्प्रिंगने दाबून बसवलेला असतो. त्याची फेल्टची गुंडाळी, वॉशर आणि स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवावीत. एखादा वॉशर परत बसवायचा राहिला, तर तेल फिल्टरला वळसा घालून घाणीसकट पुढे जाते आणि बाहेरून काही कळतही नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवा फिल्टर बसवला की त्याचा कप्पा रिकामा असतो. तो भरेपर्यंत क्रँकला तेलाचा थेंबही मिळत नाही. या जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी रोलर नव्हे तर तरंगता बुश असतो आणि तो केवळ तेलाच्या पातळ थरावर जगतो. तेल मिळाले नाही तर तो लवकरच घासतो, तापतो आणि धरतो. मग क्रँक उघडणे आले, लेथवरचे काम आले आणि दोन महिन्यांची वाट पाहणे आले. तेल बदलण्याच्या हौसेपायी इंजिन गेले, असे होते ते इथे.

उपाय सोपा आहे. फेल्ट नव्या तेलात भिजवून मगच बसवावे. स्पार्क प्लग काढून, चावी बंद ठेवून, टायमिंग कव्हरवरचे फीडचे बूच सैल करावे आणि किक मारत राहावे. त्या बुचापाशी तेल पाझरू लागले, म्हणजे ते क्रँकच्या दारापर्यंत पोहोचले. मग बूच आवळून, प्लग लावून गाडी सुरू करावी, काही मिनिटे मंद चालू द्यावी आणि तेच बूच क्षणभर सैल करून तेल येते की नाही याची पुन्हा खात्री करावी. तेल येत नसेल तर गाडी लगेच बंद. टाकीची टोपी उघडून परतीचे तेल आत पडताना दिसते का, हेही पाहून घ्यावे.

तेल २०डब्ल्यू-५० जातीचे, इंजिनाला साजेल असे दाट घ्यावे. आधी दोन लिटरपेक्षा थोडे कमी ओतावे, गाडी चालवून कांडी पाहावी आणि उरलेले भरावे. साधारण २,००० ते ३,००० किलोमीटरला, आणि गाडी कमी फिरत असेल तर निदान वर्षातून एकदा तेल बदललेले बरे. गिअरबॉक्स आणि क्लचच्या बाजूचे चेनकेस यांचे वंगण वेगळे असते, तेही पाहावे. बूच आवळताना जोर दाखवू नये. चेंबर ॲल्युमिनियमचे असते, त्याचे आटे एकदा गेले की थेंब थेंब गळणे कायमचे.

काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. वापरलेले तेल आपल्याकडच्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे, म्हणजे ते पुनर्वापराच्या वाटेला लागते. हातही साबणाने नीट धुवावेत, कारण जळके तेल वारंवार कातडीला लागणे चांगले नव्हे.

सोलापूरच्या त्या घरात पुढे काय झाले? पाडव्याला गाडी निघाली नाही. त्या दिवशी बापलेक परात आणि पाने घेऊन पडवीतच बसले होते. टूलबॉक्समध्ये एक छोटी वही निघाली. वडिलांनी प्रत्येक वेळी तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर तीत लिहून ठेवले होते. पहिली नोंद १९७८ ची होती आणि शेवटच्या पानावरचे अक्षर थोडे थरथरलेले. मुलाने बुचापाशी तेल पाझरलेले पाहिले, वडिलांना दाखवले आणि मगच किक मारली. वडील खुर्चीत बसून डोळे मिटून आवाज ऐकत होते. "टॅपेट जरा वाजतंय," ते म्हणाले, "पण खालून आवाज साफ आहे."

भाऊबीजेला दोघे सिद्धेश्वराला जाऊन आले. त्या संध्याकाळी वहीत पुढची तारीख पडली, मुलाच्या अक्षरात.