मनोरुग्णालये यादीत शेवटी नकोत

मनोरुग्णालयात औषध देणे म्हणजे हातावर गोळी ठेवून पुढे जाणे नव्हे. रुग्णाने ती गिळली की जिभेखाली दडवली, हे तोंड उघडायला लावून पाहावे लागते. कुणाला भरवावे लागते, कुणाला आंघोळ घालावी लागते; कुणी अचानक बिथरला तर आवरावे लागते. ही कामे परिचारिका करतात आणि रुग्ण ज्यांना ‘मामा’, ‘मावशी’ म्हणतात ते कक्षसेवक करतात. यातले एकही काम सहा फुटांवरून होत नाही. तरीही कोरोनाच्या साथीत संरक्षक साधनांची चर्चा झाली ती मुख्यतः अतिदक्षता विभाग आणि विलगीकरण कक्षांभोवती. पुढच्या साथीआधी ही उणीव भरून निघाली पाहिजे.

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोरोनाबाधित पुण्यात आढळले, तेव्हा देशात पीपीई किट जवळजवळ बनतच नव्हते. त्या टंचाईत अतिदक्षता विभागाला अग्रक्रम मिळाला, तो रास्तच होता. पण मे महिन्यापर्यंत किटचे रोजचे उत्पादन लाखांवर गेले. त्यामुळे टंचाईची सबब आता चालणार नाही.

बंदिस्त कक्षात विषाणू शिरला तर काय होते, हे दक्षिण कोरियात फेब्रुवारी २०२० मध्येच दिसले होते. चोंगदो येथील देनाम रुग्णालयाच्या मनोरुग्ण कक्षातल्या शंभराहून अधिक रुग्णांपैकी जवळपास सर्वांना लागण झाली. त्या देशातला कोरोनाचा पहिला बळीही याच कक्षातला होता.

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची मंजूर क्षमता २,५४० खाटांची आहे. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्यात अशा साडेपाच हजारांहून अधिक खाटा आहेत. इथले कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे फाटकाबाहेर गेलेले नाहीत. साथीत भेटी बंद केल्या, तरी पाळी बदलताना कर्मचाऱ्यांची ये-जा सुरूच राहते. प्रत्येक रुग्ण दिवसभर मास्क लावून बसेल, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. म्हणून कर्मचाऱ्याचा मास्क हाच रुग्णाचाही बचाव ठरतो.

मात्र इतर रुग्णालयांचे किट जसेच्या तसे इथे पाठवून भागणार नाही. जिथे रुग्ण जीव देण्याचा प्रयत्न करू शकतो, तिथे गाउनच्या लांब नाड्या आणि मास्कमधली तार हाच धोका होतो. सॅनिटायझरची बाटली भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्यांचे बळी एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीने पाहिले आहेत. व्यसनमुक्ती कक्षात तर ही बाटली कर्मचाऱ्याच्या खिशातच हवी. संशयाने ग्रासलेला रुग्ण नखशिखान्त झाकलेल्या माणसाला पाहून आणखी घाबरतो. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या छातीवर मोठा फोटो आणि ठळक नाव असावे. आणि बिथरलेला रुग्ण किट चढवेपर्यंत थांबत नाही, म्हणून लागण असलेल्या कक्षात प्रत्येक पाळीत काही जण आधीपासून तयार असायला हवेत.

हे सारे डॉक्टर-परिचारिकांपुरते ठेवून चालणार नाही. कंत्राटी सफाई कामगार, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक हेही त्याच हवेत श्वास घेतात. कंत्राटदाराकडे बोट दाखवून त्यांना कापडी मास्कवर भागवायला लावणे हा अन्याय आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मनोरुग्णांना सुरक्षित, स्वच्छ वातावरणाचा आणि शारीरिक आजाराच्या रुग्णांइतक्याच समान वागणुकीचा हक्क दिला आहे. तो पाळायचा तर सार्वजनिक आरोग्य विभागाने साथीच्या आराखड्यात मनोरुग्णालयांचे आंतररुग्ण कक्ष जोखमीच्या गटात घालावेत. चारही ठिकाणी किमान तीन महिने पुरेल इतका साठा ठेवावा, त्याची मुदत तपासणारा अधिकारी नेमावा आणि वर्षातून दोनदा कर्मचाऱ्यांची तालीम घ्यावी. साधने कशी असावीत हे ठरवणाऱ्या समितीवर परिचारिकेला आणि कक्षसेवकालाही जागा द्यावी. यासाठी लागणारा पैसा राज्याच्या आरोग्य खर्चात फार मोठा नाही. त्याची स्वतंत्र तरतूद येत्या अर्थसंकल्पातच व्हावी.