वादळाआधी वादळाचा सराव

13 मे 2024 च्या दुपारी मुंबईत अचानक धुळीचे वादळ उठले. भरदुपारी अंधारून आले, झाडे पडली आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून 17 जणांचा बळी गेला. तो फलक तेथे उभाच कसा राहिला, याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र, अशा दिवशी कसोटी आणखी एका माणसाची लागते. तो हवामान केंद्रात रडारच्या पडद्यासमोर बसलेला असतो. दर काही मिनिटांनी नवे चित्र येते. ढग वाढतोय की विरतोय? इशारा पिवळा द्यायचा की नारिंगी? आता द्यायचा, की पुढच्या चित्राची वाट पाहायची? पुढच्या दोन-तीन तासांसाठीचा अंदाज देताना विचार करायला हाताशी असतात ती मोजकी मिनिटे.

हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, ते अनुभवाने येते. अडचण अशी, की ज्या प्रसंगांत त्याची सर्वाधिक गरज असते, तेच सर्वांत दुर्मीळ असतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम 73 मिलिमीटर. असा दिवस एखाद्या अंदाजकाराच्या संपूर्ण नोकरीत एकदाही येणार नाही, किंवा रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात येईल. वैमानिकाचेही तसेच आहे. भर उड्डाणात इंजिन बंद पडण्याची वेळ बहुतेकांवर कधीच येत नाही. तरीही प्रत्येक वैमानिकाला ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये बसून ते संकट हाताळून दाखवावे लागते. मग लाखोंच्या शहराला सावध करणाऱ्या माणसाला ही सवलत का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने याचे उत्तर या शतकाच्या सुरुवातीलाच शोधले. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील तिच्या प्रशिक्षण केंद्राने ‘वेदर इव्हेंट सिम्युलेटर’ ही संगणकप्रणाली देशभरातील कार्यालयांना दिली. जुन्या वादळाच्या रडार, उपग्रह आणि विजांच्या नोंदी तीत मूळच्याच वेगाने पुन्हा समोर येतात. प्रशिक्षणार्थी ते वादळ घडत असल्यासारखे पाहतो आणि खरोखरचा इशारा लिहितो. मध्येच प्रशिक्षक एखादी बातमी सोडतो: अमुक गावात गारा पडल्या, तमुक ठिकाणी चक्रीवात दिसला. त्यातले किती खरे मानायचे, हेही तिथल्या तिथे ठरवावे लागते. शेवटी सगळे मिळून बसतात आणि कोणत्या क्षणी काय दिसत होते, काय नजरेतून सुटले, हे तपासतात. चुकीची किंमत तेथे फक्त ओशाळेपण असते, जीव नव्हे.

या सरावात एक सापळाही आहे. फक्त महाभयंकर वादळांवर सराव केलेल्या माणसाला प्रत्येक काळ्या ढगात संकट दिसू लागते. असे इशारे वारंवार फुकट गेले, की लोक ते कानाआड करतात. 22 मे 2011 रोजी मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहरावर चक्रीवात आला आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. इशारा आधी दिलेला होता, भोंगेही वाजले होते. परंतु पहिला भोंगा ऐकून अनेकांनी लगेच आसरा घेतला नाही, त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी खात्रीची वाट पाहिली, असे नंतरच्या सरकारी पाहणीत आढळले. भोंगे नेहमीचेच झाले होते. म्हणून सरावात ‘काहीच न घडलेले’ दिवसही मिसळायला हवेत आणि तारीख व ठिकाण लपवायला हवे. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना खेळून कोणी तरबेज होत नाही.

भारतात यासाठी लागणारे बहुतेक साहित्य आहे. पुण्यात हवामान विभागाची प्रशिक्षण संस्था आहे, मुंबईत दोन डॉप्लर रडार आहेत आणि दर पावसाळ्याच्या नोंदी साठत आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी 2,000 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून रडार आणि महासंगणक येतील. ते हवेतच, पण रडार इशारा देत नाही, माणूस देतो. त्याच्या सरावाला या खर्चात ठळक वाटा मिळाला पाहिजे. प्रत्येक प्रादेशिक केंद्रात पावसाळ्याआधी आपल्याच भागातील जुन्या प्रसंगांवर असा सराव सक्तीचा व्हावा. त्यात जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षातील कर्मचारीही असावेत, कारण ‘नारिंगी’ इशारा आल्यावर नेमका कोणाला फोन करायचा, हेसुद्धा सरावानेच अंगवळणी पडते.

पाळ्यांत काम करणाऱ्यांना सरावासाठी वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. मनुष्यबळ अपुरे असेल, तर ते वाढवणे ही सरकारची जबाबदारी आहे. शिवाय हा सराव परीक्षेसारखा बढतीशी जोडला, तर माणसे चुका लपवायला शिकतील. चूक मोकळेपणाने मांडता आली, तरच त्यातून शिकता येते.

बचाव पथके पुराआधी बोटी पाण्यात उतरवून पाहतात, शाळांत आगीची रंगीत तालीम होते. या सगळ्यांना हलवणारा पहिला शब्द ज्याच्या तोंडून निघतो, त्याचीही तालीम व्हायला हवी. ऐन वादळात शिकायला त्याला वेळ मिळणार नाही, आणि त्याच्या भरवशावर घराबाहेर पडलेल्यांनाही.