गोळी केंद्राच्या वहीत नको

डायलिसिसच्या रुग्णांना लागणाऱ्या फॉस्फेट रोखणाऱ्या गोळ्या अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने १ जानेवारी २०२५पासून औषधविम्यातून काढल्या आणि डायलिसिस केंद्रांच्या ठोक दरात घातल्या. हा निर्णय रुग्णांच्या मुळावर येणारा आहे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला बांधून घेतले, तरी रोजच्या जेवणातले फॉस्फेट अंगात उरतेच. ते हाडे पोखरते, रक्तवाहिन्या कडक करते, रात्र रात्र अंग खाजवायला लावते. म्हणून ते आतड्यातच पकडणाऱ्या गोळ्या, म्हणजे बाइंडर. सेव्हेलामरच्या ८०० मिलिग्रॅमच्या जाड गोळ्या दर जेवणाला दोन-तीन घ्यायच्या, आणि गिळायच्या त्या दिवसभराच्या मोजून दिलेल्या पाण्यातूनच! गोळ्या चुकवल्या म्हणून रुग्णाला बोल लावणाऱ्यांनी हे ताट आधी पाहावे.

या जाचातून थोडी वाट काढणारे टेनापॅनॉर हे औषध अमेरिकेत ऑक्टोबर २०२३मध्ये मंजूर झाले. ते फॉस्फेटला पकडत नाही. आतड्यातल्या पेशींमधल्या फटींतून फॉस्फेटचे रक्तात झिरपणेच कमी करते. ज्यांना बाइंडर पुरत नाहीत किंवा सोसत नाहीत, त्यांच्यासाठी दिवसातून दोनदा एक गोळी. अनेकांना जुलाब होतात, हे खरे. पण ते सोसायचे की नाही, हे रुग्णाने आणि डॉक्टरने ठरवायचे; केंद्राच्या हिशेबनिसाने नव्हे. २०२५चा मूळ दर एका डायलिसिसमागे सुमारे २७४ डॉलर. त्यातच सगळे भागवायचे म्हटल्यावर महाग गोळी केंद्राला परवडणार कशी? सुरुवातीला किमान दोन वर्षे वेगळे पैसे मिळतील, असे सरकार सांगते. टेनापॅनॉरच्या कंपनीने त्यासाठी अर्जच केला नाही, ती या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेली. कंपनीची बाजू घेण्याचे कारण नाही. पण दोघांच्या ओढाताणीत मेडिकेअरच्या रुग्णाचे संरक्षण गेले. औषधविमा नसलेल्यांना आता गोळ्या मिळतील, हा मुद्दा रास्त आहे. मग त्यांना विमा द्यायचा होता, इतरांचा काढायचा कशाला?

आपल्याकडे २०१६पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते. पण फॉस्फेटची गोळी बऱ्याच घरांत पदरमोड करूनच येते, आणि महिनाअखेरीला आधी तीच बंद होते. दर ठरवणाऱ्यांनी अमेरिकेची ही चूक गिरवू नये. बाइंडरचा खर्च सरकारने उचलावा, पण ठोक दरात मुरवून नव्हे. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे, वेगळा.