चौलचा घोडा आणि शेव्याचा कंटेनर

गेल्या दिवाळीत भाचा फराळाला आला होता. उरणजवळच्या एका कंटेनर गोदामात तो कागदपत्रे तपासण्याचे काम करतो. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याने विचारले, "मामा, तुम्ही रोज दोन-दोन पेपर वाचता. मग हे तुर्कमेनिस्तान नक्की कुठं आलं ते सांगा. आमच्या ऑफिसात साहेब म्हणत होते की पुढंमागं माल तिकडून येणार." मी उत्तर दिले खरे, पण ते शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांसारखे झाले. कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेला, इराणच्या डोक्यावर, राजधानी आश्गाबात. भाच्याचे समाधान झाले नाही. खरे तर माझेही झाले नाही. अलिबाग तालुक्यात जन्म गेलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर याहून चांगले देता यायला हवे होते. कारण त्या मुलखाशी आपल्या किनाऱ्याचा संबंध आजचा नाही.

रेवदंड्याला आपल्यापैकी अनेक जण सहलीला जातात. तिथे अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. त्यावरून बेतलेला ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'परदेसी' हा १९५७ सालचा भारत-रशियाचा संयुक्त चित्रपट जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते. हा निकितिन १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावाहून निघून, कॅस्पियन ओलांडून, इराण पायाखाली घालून तो होर्मुझला पोहोचला आणि तिथून गलबताने आला. येताना त्याने घोडा आणला होता. आपल्याकडचे लोक डोकी उघडी ठेवून आणि अंगावर अगदी कमी कपडे घालून हिंडतात, याचे त्याला नवल वाटले. लोकांनाही त्याच्या गोऱ्या कातडीचे नवल वाटले असावे, कारण जाईल तिथे माणसे आपल्या मागे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो घोडा. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नसे. बहामनी सुलतान काय किंवा विजयनगरचे राय काय, लढाई घोडदळावर आणि घोडदळ समुद्रापलीकडच्या जनावरांवर अवलंबून. म्हणून चौल आणि दाभोळ ही बंदरे श्रीमंत झाली. इथल्या लोकांना वैरणीची पंचाईत पडली, तेव्हा त्यांनी त्या उमद्या जनावरांना कडधान्य आणि खिचडी शिजवून घातली, हेही निकितिनने नोंदवले आहे. त्याचा घोडा जुन्नरला तिथल्या खानाने काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत देतो आणि वर सोन्याची हजार नाणी देतो, असा निरोप पाठवला. तेव्हा एका खोरासानी खजिनदाराने रदबदली करून त्याला सोडवले. पुढे बिदरला त्याने तो घोडा विकला आणि वर्षभर त्याला पोसायला किती खर्च झाला याचा हिशेब, काहीशा कुरकुरीच्या सुरात, मांडला. व्यापारी तो व्यापारीच.

हा खोरासानी खजिनदार इथे कसा? त्याचे उत्तर तुर्कमान लोकांच्या गोष्टीत आहे. खोरासान म्हणजे आजचा ईशान्य इराण, त्याला लागून अफगाणिस्तानचा काही भाग आणि आजच्या तुर्कमेनिस्तानचा दक्षिण भाग. तिथले मर्व हे एके काळी जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक होते. १२२१ साली मंगोलांनी ते धुळीला मिळवले. या भागात मध्य आशियातून ओघुझ तुर्कांच्या टोळ्या येऊन राहिल्या. घोडा, उंट, मेंढ्या आणि लोकरीचा तंबू एवढाच त्यांचा संसार. तेके, योमुत, एर्सारी, सालोर, सारिक अशी त्यांची कुळे. प्रत्येक कुळाच्या गालिच्याची नक्षी वेगळी. गालिचा पाहून माणूस कुठल्या कुळातला ते ओळखावे, इतकी वेगळी. आजच्या तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर अशा पाच नक्षी उभ्या पट्ट्यात काढलेल्या आहेत. झेंड्यावर गालिचा मिरवणारा दुसरा देश माझ्या माहितीत नाही.

यातल्याच काही टोळ्या पश्चिमेकडे इराण आणि इराकमध्ये राज्यकर्त्या झाल्या. त्यांतली एक 'काराकोयुन्लू', म्हणजे काळ्या मेंढ्यांवाले. आपल्या धनगरांना हे नाव आवडेल. पंधराव्या शतकात त्यांचे राज्य बुडाले, तेव्हा त्या घराण्यातला सुलतान कुली नावाचा तरुण हमदानहून दख्खनमध्ये बहामनी दरबारात आला. त्यानेच पुढे गोवळकोंड्याची कुतुबशाही उभी केली. चारमिनार बांधणारा मुहंमद कुली त्याचा नातू. आणि १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी रायगडावरून निघाले आणि भागानगरला ज्याचे पाहुणे झाले, तो अबुल हसन तानाशाह त्या गादीचा शेवटचा सुलतान. म्हणजे ज्या भेटीची वर्णने आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्यात समोर बसलेल्या माणसाची गादी मूळच्या तुर्कमानांची होती. शाळेत हे मला कुणी सांगितले नाही. उत्तरेत अकबराचा पालक बैरामखान हाही तुर्कमानच. त्याचा मुलगा म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. या रहीमनेच मोगली फौजेबरोबर येऊन १५९५ साली अहमदनगरला चांदबिबीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. चौल तेव्हा त्याच निजामशाहीच्या मुलखातले बंदर. मात्र रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज बसलेले.

शब्दांचे म्हणाल तर तोफ, कैची, चाकू, बहादूर हे शब्द तुर्की बोलींतून फारसीच्या वाटेने आपल्या तोंडी बसले. शिवणाच्या डब्यातली कैची काढताना कुणाला मध्य आशिया आठवत नाही, इतकेच.

त्यांचा इतिहास सगळा गोड नाही. वाळवंटातले हे घोडेस्वार इराणच्या गावांवर धाडी घालून माणसे पकडत आणि खिवा-बुखाऱ्याच्या बाजारात विकत. आपल्या किनाऱ्यालाही गुलामांचा व्यापार परका नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचे कितीतरी पूर्वज आफ्रिकेतून असेच आणले गेले होते. पुढे रशियन झारने तुर्कमानांवर चाल केली. जानेवारी १८८१मध्ये गेओक तेपेच्या मातीच्या किल्ल्यात हजारो तेके तुर्कमान मारले गेले, त्यांत बायकामुलेही होती. त्यानंतर झारचे राज्य, १९२४पासून सोव्हिएत प्रजासत्ताक, मग २७ ऑक्टोबर १९९१ रोजी स्वातंत्र्य. मधल्या काळात एका भाषेची लिपी तीनदा बदलली: अरबी गेली, रोमन आली, रशियन आली, आणि १९९३पासून पुन्हा रोमन. आजोबाचे पत्र नातवाला वाचता येऊ नये, याहून मोठी फाळणी घरातल्या घरात दुसरी कोणती?

आता आजच्या राजकारणाकडे येतो. तुर्कमेनिस्तान महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे, पण त्यातला बहुतेक भाग काराकुमचे वाळवंट. या वाळवंटाखाली नैसर्गिक वायू आहे. गालकिनिश हे तिथले क्षेत्र जगातल्या सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांत मोडते. घरात लक्ष्मी आहे आणि बाहेर पडायला दार नाही, अशी या देशाची गत. कॅस्पियनला समुद्र म्हणतात, पण तो चारी बाजूंनी बंद आहे. १९९५मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने या देशाच्या कायमच्या तटस्थतेला मान्यता दिली, आणि राज्यकर्त्यांनी तटस्थतेचा अर्थ दारे लावून घेणे असाच घेतला. पहिले अध्यक्ष नियाझोव्ह यांनी तर वर्षाच्या महिन्यांची नावेसुद्धा बदलली. एका महिन्याला स्वतःचे, एकाला आईचे नाव दिले. त्यांच्यानंतर ती नावे पूर्ववत झाली. मात्र एकाच घराण्याचा कारभार, परदेशी माणसाला व्हिसा मिळायची मारामार, वृत्तपत्रांवर सरकारचा ताबा, हे राहिलेच. वायू जातो मुख्यतः चीनला, २००९ साली सुरू झालेल्या नळातून.

आपल्याकडे वायू आणण्यासाठी 'तापी' नळ ठरला. नाव ऐकून खानदेशी वाचकांनी हुरळून जाऊ नये. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि इंडिया यांची ही आद्याक्षरे. सुमारे १८०० किलोमीटरचा नळ पंजाबातल्या फाजिल्क्याला पोहोचायचा होता. डिसेंबर २०१५मध्ये भूमिपूजन थाटात झाले. सप्टेंबर २०२४मध्ये अफगाण हद्दीतल्या हेरातपर्यंतच्या टप्प्याचे काम सुरू झाले. त्यापुढे पाकिस्तान आहे, आणि त्या दोन शब्दांपुढे फार काही लिहायची गरज नाही.

म्हणून दिल्लीचे लक्ष दुसऱ्या वाटेकडे वळले, आणि ती वाट आपल्या दारात येते. सप्टेंबर २०००मध्ये भारत, इराण आणि रशिया यांनी उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार केला. त्याची पूर्वेकडची फांदी कझाकस्तान आणि तुर्कमेनिस्तानातून जाते. तिथला इराणला जोडणारा नवा लोहमार्ग डिसेंबर २०१४मध्ये खुला झाला. फेब्रुवारी २०१८मध्ये भारत आश्गाबात करारातही सामील झाला. जुलै २०२२मध्ये मॉस्कोजवळच्या चेखोव स्थानकातून ३९ कंटेनर घेऊन एक मालगाडी निघाली, तुर्कमेनिस्तान पार करून सरख्सला इराणमध्ये शिरली. पुढे बंदर अब्बासहून जहाजाने न्हावा-शेवा, असा मालाचा शेवटचा मुक्काम कागदावर लिहिलेला होता. नकाशावर बोट ठेवून पाहा. बंदर अब्बास होर्मुझच्या सामुद्रधुनीवरच आहे आणि न्हावा-शेवा चौलपासून फार लांब नाही. निकितिनची वाट साडेपाचशे वर्षांनी पुन्हा उघडली, फक्त घोड्याच्या जागी लाकडी मालाचे खोके आले.

माझे मत विचाराल तर या मार्गाच्या बातम्या जितक्या येतात तितका माल येत नाही. रशिया-तुर्कमेनिस्तानचे रूळ रुंद, इराणचे अरुंद. सरहद्दीवर डबे उचलून दुसऱ्या गाडीवर घालावे लागतात किंवा चाके बदलावी लागतात. त्याहून मोठी अडचण पैशाची. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत म्हटल्यावर बँक पैसे पाठवायला कचरते आणि विमा कंपनी हात आखडते. चाबहार बंदरासाठी भारताने मे २०२४मध्ये दहा वर्षांचा करार केला. पण निर्बंधांतून त्या बंदराला दिलेली सवलत अमेरिकेने सप्टेंबर २०२५मध्ये काढून घेतली, मग पुन्हा सहा महिन्यांची मुदत दिली. त्याआधी जूनमध्ये इराणवर बॉम्ब पडलेच होते. सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर कोण आपला माल सात हजार किलोमीटरच्या वाटेवर घालील? जुन्या चौलच्या व्यापाऱ्यांकडे घोड्याच्या बदल्यात द्यायला सुती आणि रेशमी कापड होते. गलबत रिकामे परतत नसे. आज परतीच्या कंटेनरात काय भरायचे, हे ठरल्याशिवाय ही वाट वाहती होणार नाही. औषधे, चहा, यंत्रे अशी नावे घेतली जातात, पण तुर्कमेनिस्तानची बाजारपेठ केवढी? लोकसंख्या सरकारी आकड्यानुसार जेमतेम सत्तर लाख.

भाच्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता, हे मला नंतर उमगले. त्याला विचारायचे होते, माल आला तर आमचे काय? त्याच्या आजोबांची खाजणातली शेती बंदराच्या संपादनात गेली. उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या मागे उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र आले. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथल्या खातेदारांच्या हाती भूखंडाची पत्रे पडायला २०१४ उजाडले. आजही भाच्याची नोकरी ठेक्यावरची आहे. जहाज आले की काम, नाही आले की घरी.

आणि तो मालही शेव्यालाच येईल असे कुणी लिहून दिलेले नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या नव्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये झाली, आणि या उत्तर-दक्षिण मार्गाचे दार म्हणून केंद्र सरकारने नाव घेतले ते वाढवणचे. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. चौलही असेच मागे पडले होते. खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे मुंबईला लागू लागली, आणि बंदराच्या जागी नारळी-पोफळीच्या वाड्या राहिल्या.

निघताना भाच्याने मोबाइलवर एका कंटेनरचा फोटो दाखवला. कुठून आला ते त्याला ठाऊक नव्हते; बाजूला रशियन अक्षरांत काहीतरी लिहिले होते. "वाचता येतं का, मामा?" मला येत नव्हते. त्याने चिवड्याचा डबा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती आणि करळ फाट्यावर ट्रेलरांची रांग लागायच्या आत त्याला पोहोचायचे होते.