टक्क्यांचा सत्कार पुरे!

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे गुणवंतांच्या सत्काराची लगबग सुरू होते. नव्वद टक्केवाला व्यासपीठावर, एकोणनव्वदवाल्याने खाली बसून टाळ्या वाजवायच्या! पुढच्या वर्षी ते घर कार्यक्रमाकडे फिरकत नाही, आणि आपणच म्हणतो, समाज एकत्र येत नाही.

स्पर्धेशिवाय प्रगती नाही, असे आम्हाला ऐकवले जाते. मग आपल्या ग्वाल्हेरच्या गाण्याकडे पाहा. दरबारात चढाओढ होतीच. हद्दू-हस्सू खाँ आणि बडे महंमद खाँ यांचे किस्से आजही सांगतात. पण घराणे टिकले ते शिकवण्यामुळे. निसार हुसेन खाँसाहेबांनी शंकर पंडितांना विद्या दिली. त्यांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ साली येथे संगीत विद्यालय काढले. वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. विद्या वाटून ग्वाल्हेर लहान झाले का?

नोकरीच्या जागा मोजक्या, तेथे चढाओढ टळत नाही, हे आम्हालाही कळते. पण मंडळ म्हणजे भरती परीक्षा नव्हे. येत्या वार्षिक सभेत टक्क्यांची अट काढण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. ज्याने वर्षभर धाकट्यांना गणित शिकवले, आजोबांची सेवा केली, त्याला व्यासपीठावर बोलवा. विरोध असेल तर सभेत येऊन बोला. घरी बसून कुजबुज नको.