मावळत्या सूर्याला किती रंगवावे?

सहलीहून परतलेल्या कुटुंबाच्या फोटोंमध्ये सूर्यास्ताचा एक तरी फोटो असतोच. महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट असो, अबूचा सनसेट पॉइंट असो, कन्याकुमारीचा किनारा असो की श्रीनगरचे दल सरोवर. सूर्य टेकू लागला की सगळ्यांचे हात कॅमेऱ्याकडे वळतात. त्या घटकेला आकाश केशरी, गुलाबी, जांभळे झालेले असते. घरी येऊन निवांतपणे तोच फोटो पाहिला, की मात्र मन खट्टू होते. आकाश फिकट, खालचे सगळे काळेकुट्ट, आणि ज्याच्यासाठी एवढी धावपळ केली तो सूर्य म्हणजे मुगाएवढा पांढरा ठिपका!

मग सुरू होते रंगकाम. फोटो सुधारण्याची साधने आता मोबाइलवर फुकट मिळतात. रंग गडद करणारी पट्टी उजवीकडे सरकवली, की क्षणात आकाशभर शेंदूर फासला जातो. नातेवाईक ‘वा, वा’ म्हणतात. पण जे त्या संध्याकाळी तिथे उभे होते, त्यांना कुठेतरी खटकते. ही ती संध्याकाळ नव्हे, एवढे त्यांना कळते. काय बिघडले, ते मात्र सांगता येत नाही.

बिघडते ते बहुधा एकाच कारणाने. रंग आणि चौकट ही दोन वेगळी कामे आहेत, असे समजले जाते. सूर्यास्ताच्या फोटोत ती वेगळी नसतात.

कॅमेरा फसतो कुठे?

सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या फार मोठ्या थरातून आपल्यापर्यंत येतो. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत हा थर सुमारे ३८ पट असतो. वाटेत निळा प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि तांबडा-केशरी तेवढा सरळ पुढे येतो. लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने या विखुरण्याचे गणित १८७१ मध्ये मांडले.

आपला डोळा उजळ आकाश आणि अंधारी जमीन आळीपाळीने पाहतो आणि प्रत्येक वेळी स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र सगळे एकाच फटक्यात टिपावे लागते. शिवाय पांढरे ते पांढरे दिसावे म्हणून तो रंगांची आपोआप दुरुस्ती करतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली ही दुरुस्ती उपयोगी पडते. सूर्यास्ताला तीच नडते, कारण जो तांबूसपणा टिपायचा तोच तो दोष समजून पुसून टाकतो.

राहिला सूर्याचा आकार. आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा आडव्या फोटोत सुमारे ७० अंशांचा देखावा घेतो. म्हणजे सूर्य फोटोच्या रुंदीच्या सुमारे १४०व्या भागाएवढा येणार! क्षितिजाजवळ तो मोठा वाटतो, हा आपल्या मनाचा खेळ असतो. कॅमेऱ्याला मन नसते.

तेव्हा फोटोवर हात फिरवणे ही लबाडी नव्हे. प्रश्न आहे तो कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे याचा.

आधी चौकट

उदाहरण घेऊ. मे महिन्यात एक कुटुंब आजींना घेऊन काश्मीरला गेले आहे. बुलेव्हार्डच्या बाजूने दल सरोवरात शिकारा निघाला आहे. समोर हरी पर्बताची टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला, त्याच्या आसपास सूर्य उतरतो आहे. शिकाऱ्याच्या पुढच्या टोकाला आजी पाठमोऱ्या बसल्या आहेत. फोटोत हे सगळे आहे. शिवाय डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या शिकाऱ्याचे अर्धे छत आहे, वर भलेमोठे रिकामे आकाश आहे, आणि सरोवराचे पाणी एका बाजूला कललेले आहे.

पहिला प्रश्न असा, की हा फोटो कुणाचा? सूर्याचा, टेकडीचा की आजींचा? याचे उत्तर मिळेपर्यंत रंगाच्या पट्टीला हात लावू नये.

उत्तर काहीही असो, पाण्याची रेघ आधी सरळ करावी. तिरके क्षितिज कितीही सुंदर रंगांनी झाकले जात नाही. नंतर कडेचे नको ते कापावे. अर्धे छत नजरेला चौकटीबाहेर ओढते, तेव्हा ते जायलाच हवे. मग आकाश किती ठेवायचे ते ठरवावे. इंग्लंडच्या जॉन टॉमस स्मिथ या चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात तिसऱ्या भागाचा नियम सांगितला. आकाश आणि जमीन यांना सारखी वाटणी न देता एकाला दोन भाग आणि दुसऱ्याला एक भाग द्यावा, असे त्याचे म्हणणे. ढग रंगले असतील तर दोन भाग आकाशाला द्यावेत. आकाश कोरे असेल आणि पाण्यावर सोनेरी वाट उमटली असेल, तर दोन भाग पाण्याला. हा नियम म्हणजे वेदवाक्य नव्हे, पण सुरुवातीला हात धरून चालवतो.

फोटो आजींचा ठरला, तर सूर्य एका बाजूला आणि आजी दुसऱ्या बाजूला येतील अशी चौकट कापावी. त्या ज्या दिशेला पाहत आहेत, तिकडे थोडी मोकळी जागा राहू द्यावी.

रंगालाही वजन असते

तराजूच्या एका पारड्यात सूर्य आणि दुसऱ्यात आजी आहेत, असे समजावे. फोटोतला सर्वांत उजळ आणि सर्वांत तापलेला रंग नजर आधी खेचतो. आता केशरी रंग दुप्पट गडद केला, तर सूर्याचे पारडे धाडकन खाली जाते आणि आजी म्हणजे कोपऱ्यातली काळी सावली उरते. चौकट तीच असते, पण फोटोचा अर्थ बदलून गेलेला असतो. पुढे वीस वर्षांनी नातवंडे तो फोटो पाहतील तेव्हा त्यांना केशरी आकाश दिसेल. आकाशे हजारो मिळतील, त्या शिकाऱ्यातल्या आजी कुठून आणणार?

दुसरी गोष्ट म्हणजे केशरी रंग उठून दिसतो तो शेजारच्या निळसर रंगामुळे. संध्याकाळी टेकडीची सावली, दूरचे पाणी, सूर्याच्या उलट बाजूचे आकाश निळे-करडे असते. सगळ्या फोटोला सरसकट तांबूस केले, की हा निळा मरतो आणि त्याच्याबरोबर केशरीही मरतो. भाजीत नुसते तिखटच घातले तर तिखटाचीही चव लागत नाही, तसेच हे.

पट्ट्या हलवण्याचा क्रम

चौकट झाल्यावर आधी उजेड पाहावा. फार उजळ भाग ‘हायलाइट्स’च्या पट्टीने थोडा खाली आणावा आणि अंधारा भाग ‘शॅडोज’च्या पट्टीने थोडा वर. आजींच्या शालीची घडी आणि शिकाऱ्याची कड दिसू लागली, की पुरे. सगळा अंधार उजळला तर संध्याकाळची दुपार होते! टेकडी काळीच राहू द्यावी. तिच्या काळ्या आकारामुळेच आकाशाला खोली येते.

त्यानंतर ‘व्हाइट बॅलन्स’, म्हणजे रंगाची ऊब. कॅमेऱ्याने पुसलेला तांबूसपणा इथे परत आणता येतो. पट्टी थोडी उबेकडे न्यावी आणि सावलीतला निळा शाबूत आहे ना, ते पाहावे. अनेकदा एवढ्यानेच काम भागते आणि रंग गडद करण्याची गरजच उरत नाही.

सर्वांत शेवटी रंगाचा गडदपणा. ‘सॅच्युरेशन’ची पट्टी सगळे रंग सरसकट वाढवते. ‘व्हायब्रन्स’ची पट्टी आधीच गडद असलेल्या रंगांना कमी आणि फिकट रंगांना जास्त वाढवते. म्हणून सूर्यास्ताला दुसरी बरी. नेहमीच्या जेपेग फोटोत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. सूर्याजवळ लाल रंग आधीच वरच्या पायरीला टेकलेला असतो. त्याला आणखी ढकलले, तर तो वाढत नाही. केशरीच्या छटा एकमेकींत मिसळून सपाट पिवळा डाग तेवढा उरतो. असा डाग दिसला, की पट्टी मागे घ्यावी.

एक सोपी कसोटीही आहे. पाण्यातले प्रतिबिंब सहसा आकाशाहून किंचित गडद असते. दुरुस्तीनंतर पाणी आकाशापेक्षा उजळ दिसू लागले, तर हात जास्त पडला असे समजावे.

जुन्यांनीही हेच केले

फोटोवर संस्कार करणे हे मोबाइलचे खूळ नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले. त्या काळच्या काचेवर समुद्र नीट आला तर आकाश पांढरेफटक पडे. म्हणून काही फोटोंत त्याने आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच वापरून एकच छाप काढली.

अमेरिकेच्या ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवता चंद्र टिपला. मावळत्या सूर्याचा शेवटचा उजेड दफनभूमीतल्या क्रूसांवर पडला होता. त्या एकाच निगेटिव्हपासून त्याने पुढे अनेक वर्षे छापा काढल्या आणि उत्तरोत्तर आकाश अधिक काळे करत नेले. फोटो कृष्णधवल, पण तोल तोच होता. वरचा अंधार वाढवून खालच्या पांढऱ्या क्रूसांना त्याने बळ दिले.

रोलच्या जमान्यातही भडक रंगांची हौस होतीच. १९९० मध्ये फुजी कंपनीची वेल्व्हिया ही फिल्म आली आणि तिच्या गडद रंगांसाठी निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी ती उचलून धरली. माणसांच्या चेहऱ्यांना मात्र ती मानवत नसे. त्वचा लालसर दिसे.

थांबायचे कुठे?

कापणे, सरळ करणे, उजळवणे ही दुरुस्ती झाली. वस्तू जागची हलवणे ही निराळी बाब आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड छापले गेले. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभे. म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले. त्यावर मोठी टीका झाली. आता मोबाइलवर अख्खे आकाश बदलता येते. घरच्या अल्बमला कोणी जाब विचारत नाही, हे खरे. पण दलवरच्या ढगांऐवजी भलतेच ढग चिकटवले, तर तो फोटो त्या दिवसाचा राहत नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. मूळ फोटो कधीही पुसू नये, दुरुस्ती प्रतीवरच करावी. रात्री मोबाइलचा पडदा पिवळसर करणारी सोय सुरू असेल तर आधी बंद करावी, नाहीतर रंगांचा अंदाज चुकतो. काम झाल्यावर फोटो लगेच कुणाला पाठवू नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी मूळ फोटो शेजारी ठेवून पाहावे. रंग भडक वाटला तर पट्टी अर्ध्यावर आणावी, बहुतेक वेळा ती तिथेच शोभते. आणि त्या संध्याकाळी बरोबर असलेल्या एखाद्याला तो दाखवावा. ‘किती छान रंग!’ असे तो म्हणाला, तर अजून थोडे काम बाकी आहे. ‘हो, असेच होते’ असे म्हणाला, तर खुशाल मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावावी.