मार्केट यार्ड : पुण्याला जेवू घालणाऱ्या वस्तीला आवाज किती?

रविवारी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सगळं पुणं झोपेत असताना गाड्या खाली होत असतात. भुसार, कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, फुले अशा विभागांत आडते, तोलणार, हमाल, टेम्पोवाले यांची धावपळ चालते. आपल्या बागवान मंडळींच्या कित्येक घरांची चूल याच बाजारावर पेटते. रमजानमध्ये इफ्तारच्या ताटातली कलिंगडं, पपया इथूनच येतात. शेजारी हमालनगर, आंबेडकरनगर. म्हणजे हा नुसता बाजार नाही, एक गावच आहे.

मग या गावाचा कारभारी कोण? फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार कम्यून आहेत. त्यातल्या जवळपास निम्म्यांची लोकसंख्या 500 च्या आत, तरी प्रत्येक ठिकाणी निवडलेली परिषद आणि महापौर असतो. लहान गावालाही तक्रारीसाठी आपलं दार असतं.

इथे काय झालं? पुणे बाजार समितीची निवडणूक एप्रिल 2023 मध्ये झाली, तीही जवळपास दोन दशकांनी. मधला बराच काळ कारभार सरकारने नेमलेल्यांच्या हातात होता. महापालिकेतही मार्च 2022 नंतर अनेक वर्षे नगरसेवक नव्हते. म्हणजे एका काळात यार्डातल्या माणसाला ना समितीत आपला माणूस, ना पालिकेत.

आता संचालक मंडळ आहे. पण 18 जागांपैकी शेतकऱ्यांच्या बाजूच्या 15, व्यापारी-आडत्यांच्या 2 आणि हमाल-मापाडींची फक्त 1. शेतकऱ्यांचा हक्क मोठा हे मान्यच. पण ज्यांच्या पाठीवर बाजार चालतो त्यांचा आवाज अठरात एक, हे विसरून चालणार नाही.

हमालांना जे मिळालं ते संघटनेच्या जोरावर. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या चळवळींमुळे 1969 चा माथाडी कायदा आला. मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांना आधार मिळाला. मात्र 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि यार्डाबाहेरच्या व्यापाराला वाट मिळाली. बाहेर ओझं तेवढंच, पण माथाडी मंडळात नोंदणी नसेल तर हाती काहीच नाही.

म्हणून घरात कुणी हमाली करत असेल तर आधी नोंदणी तपासा. व्यापारी असाल तर मतदार यादीत नाव पाहा. पुढची निवडणूक वेळेवर होते की पुन्हा प्रशासक बसतो, यावर आत्तापासून लक्ष ठेवा. मागणारं कुणी नसेल, तर निवडणूक लांबवणं फार सोपं असतं.